पान्ह्याची चौकशी

माझी मुलगी वेळेच्या बरीच आधी जन्मली आणि तिला तळेगावच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं. मी बाळंतपणासाठी भाज्याला माहेरी आले होते. पोटावर टाके घेऊन मी घरी परतले, ती तिथेच राहिली. तिला अजून चोखता येत नव्हतं. एक बारीक नळी तिच्या पोटात सोडली होती आणि त्या नळीतून माझं दूध जायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की एवढ्या लहान बाळाच्या आतड्याला आईचंच दूध झेपतं. ते आटलं तर डब्यातली पावडर द्यावी लागेल, ती तिला मानवेल की नाही हे सांगता येणार नाही. म्हणजे तिला चोखायला येईपर्यंत माझं दूध टिकायला हवं होतं, आणि तेही चोखणारं तोंड जवळ नसताना.

हे कसं करायचं ते मी वाचून काढायचं ठरवलं. वडील चळवळीत होते, त्यामुळे आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. धरणग्रस्तांची, रेशनची, मजुरीची, दारूबंदीची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. पत्रक कसं तपासायचं तेही वडिलांनीच शिकवलं होतं. ते कोणी काढलं, कोणासाठी काढलं, आणि वाचणाऱ्यानं उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं ते त्यात लिहिलंय का? हॉस्पिटलनं दिलेलं गुळगुळीत पत्रक शेवटच्या प्रश्नाला नापास झालं. त्यावर एक हसरी बाई आणि तिच्या मांडीवर गुबगुबीत बाळ होतं. आईचं दूध किती थोर, हे सगळं होतं. बाळ दुसऱ्या गावात पेटीत असेल तर काय, याबद्दल एक शब्द नव्हता. बायकांना कर्तव्य सांगायचं आणि रीत सांगायची नाही, हा मला अन्याय वाटतो. आजही वाटतो.

सिस्टरनी घाईत एवढंच सांगितलं होतं, "पंप घ्या आणि काढत राहा." किती वेळा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

नवऱ्यानं पंप आणला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला. आमच्या दारात दोन म्हशी आहेत; त्यांचं दूध लेण्यांच्या पायथ्याच्या चहावाल्यांना जातं. दुधाबद्दल आईला कोणी काही शिकवावं, असं तिला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

"ही मोटार हाय व्हय?" ती म्हणाली. "आन् हिला पान्हा सोडायचा?"

"पान्हा वगैरे काही नाही. ओढून घेतं ते."

"ओढून घ्याया ते काय हिरीचं पानी हाय?"

मी दर दोन-तीन तासांनी बसत होते आणि बाटलीच्या तळाला जेमतेम येत होतं. आईला ते बघवेना. "सारखं सारखं काय पिळतीस? भरू दे की जरा. म्हशीला आमी सकाळ-संध्याकाळ बसतो. मदीच हात लावला तर ती बिथरती, आटून जाती. तू बी तसंच कर."

मी म्हैस नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं. बाईचं शरीर हे दुभतं जनावर नव्हे, या वाक्याचं एक पत्रक मी कॉलेजात असताना स्वतः लिहून वाटलं होतं. पण आईच्या बोलण्यात हिशेब दिसत होता. हौद भरू दिला तर जास्त पाणी मिळेल, इतका सरळ. आणि मला जाणून घ्यायचं होतं. मी सकाळ-संध्याकाळ बसू लागले.

पहिल्या सकाळी बाटली अर्ध्याच्या वर भरली. आईनं विजयानं माझ्याकडे पाहिलं, बाटली काळ्या फडक्यात गुंडाळली आणि वर काळा दोरा बांधला, वाटेत कोणाची नजर लागू नये म्हणून. बर्फाच्या डब्यात ठेवताना जावयाला म्हणाली, "पाव्हणं, हळू न्या. उघडून कुनाला दावू नका."

हॉस्पिटलात त्यांनी दोरा कापून टाकला, असं तो संध्याकाळी सांगत होता. आईनं दुसऱ्या दिवशी नवा बांधला.

त्यानंतर दूध घटत गेलं. अर्ध्यावरून पावावर आलं, मग पुन्हा तळाला. छाती आधी दगडासारखी व्हायची, नंतर तशीही होईना. मऊ आणि रिकामी. मला त्या रिकामेपणाचं भय वाटायला लागलं. आई मेथी, हळीव, बाळंतशेपा करून घालत होती आणि मी सगळं निमूट खात होते.

टाके सुकल्यावर मी स्वतः हॉस्पिटलात गेले. पेटीला हात घालायला दोन गोल भोकं असतात, त्यातून मी तिच्या तळपायाला बोट लावलं. सिस्टर नळीला सुई नसलेली सिरिंज जोडून त्यातून दूध सोडत होत्या. "ताई, आज एवढंच?" त्यांनी विचारलं.

"आटत चाललंय."

"किती वेळा काढता?"

"सकाळ-संध्याकाळ."

त्यांनी सिरिंज तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. "डेअरीला घालता का?" मग हसू आवरून म्हणाल्या, "अहो, हे बाळ तुमच्यापाशी असतं तर किती वेळा प्यायलं असतं? दोन तासांनी, तीन तासांनी, रात्रीसुद्धा. साचून राहिलं की शरीराला वाटतं, गरज नाही. रिकामं करत राहिलात तरच नवीन येतं."

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. ती मानेना. "मग माझी म्हस कशी देती दोन येळंला?"

आता मला खरंच कुतूहल वाटलं. दोन्ही बायका दुधात मुरलेल्या, आणि दोघींचं सांगणं उलट. मी विचारलं, "आई, म्हैस नुकती व्यालेली असते तेव्हा? पहिल्या दिवसांत?"

"तवा काय, रेडकू लागलेलंच असतं. दर घडीला ढुशा देतं. चीक बी त्येच पितं, मग उरला तर आपला खरवस."

"तेव्हा त्याला दोनच वेळा सोडतेस?"

आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तवा दूध बसायचं असतं. मागनं दोन येळंवर आनायचं." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तुजं अजून बसायचंच हाय म्हन की."

मी पुन्हा दर दोन-तीन तासांनी बसू लागले. पण यंत्र लावलं की मी आखडायचे. ते घरघरायचं आणि माझ्या मनात फक्त आकडे यायचे. आई दारातून बघून म्हणाली, "मोटारीला दूध चोरतीयास तू."

म्हैस अनोळखी हाताला सगळं दूध सोडत नाही, वर ओढून ठेवते. त्याला आमच्याकडे चोरणं म्हणतात. मला राग आला. ज्याचं आहे त्यानं ठेवलं तर ती चोरी कशी? या एका शब्दावर आख्खं पत्रक लिहिता येईल. पण राग ओसरल्यावर प्रश्न उरला. म्हैस चोरते तेव्हा आई काय करते? लहानपणापासून मी त्या गोठ्यात वावरले, पण हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी मी गोठ्यात बाजेवर जाऊन बसले. आईनं रेडकू सोडलं. ते धावत आलं, कासेला ढुशा देऊ लागलं. म्हैस आधी तशीच उभी होती. मग तिचे कान सैल झाले, वैरण चघळायची थांबली, आणि सड एकदम टरारून आले. आईनं रेडकू ओढून पुढं, तिच्या तोंडाशी बांधलं. म्हैस त्याला चाटत राहिली आणि खाली धार वाजत राहिली.

"ते समोर का बांधतेस?"

"वास पायजे तिला. तिला वाटाया पायजे की त्येच पितंय."

"म्हणजे फसवतेस."

"फशिवते," आई शांतपणे म्हणाली. "त्याच्यासाटी दोन सड ठेवते मागनं. तू चौकशी कराया बसलीस का धार बगाया?"

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं की बाळाचं घातलेलं टोपडं घेऊन ये, न धुता. त्याला ते विचित्र वाटलं, पण सिस्टरना मुळीच वाटलं नाही. त्यांनी टोपडं स्वच्छ पिशवीत घालून दिलं. "हे आधीच सांगायला हवं होतं," म्हणाल्या म्हणे. अशा गोष्टी पत्रकात का छापत नाहीत?

मी ते नाकाशी धरलं. वर स्पिरिटचा वास होता. त्याच्याखाली दुसरा एक, कोमट, थोडासा आंबूस, ताज्या भाकरीच्या पिठासारखा. त्याला नाव नव्हतं. मी तो शोधत राहिले, खोल श्वास घेत राहिले, आणि बाटलीकडे बघायचं राहूनच गेलं. बघितलं तेव्हा तळ झाकला होता आणि अजून येत होतं.

एकदा दुपारी ओसरीवर तांदूळ निवडत होते. आई पाण्याला गेलेली. गोठ्यात रेडकू भुकेनं ओरडायला लागलं, लांब, चिरका सूर धरून. माझ्या छातीत मुंग्या आल्या आणि ब्लाउज दोन्हीकडून भिजला. मी तांदळाचं सूप हातात धरून तशीच बसले. म्हशीचं पोर रडतंय आणि दूध माझं येतंय. शरीराला एवढाही फरक कळत नाही? की त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं? आई आली तेव्हा तिला सांगितलं. ती इतकी हसली की हंडा खाली ठेवावा लागला. "आता तूच जा गोठ्यात," म्हणाली. "म्हसीला सुट्टी."

दूध वाढलं. कशानं वाढलं ते मला ठामपणे सांगता येणार नाही. जास्त वेळा काढणं, टोपडं आणि धीर, हे सगळं पाठोपाठच आलं. हळिवाचं श्रेय आईनं अजून सोडलेलं नाही.

मग एके दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आज छातीशी घेऊन बघू." आतल्या खोलीत एकीलाच जाता येतं, म्हणून आई बाहेर बर्फाचा डबा धरून बसली. त्यांनी मुलगी माझ्या गाऊनच्या आत, उघड्या अंगावर ठेवली. ती माझ्या दोन पंजांत मावेल एवढीच होती. बराच वेळ नुसती पडून राहिली. मग तिनं डोकं घासत, घासत सरकवलं आणि चाटलं. थांबली. पुन्हा चाटलं. ती चोखायला लागायच्या आधीच दुसऱ्या बाजूनं गाऊन भिजला. चार-दोन घोट, मग ती दमून झोपली. सिस्टर म्हणाल्या, "शिकतेय."

बाहेर आले तर आईनं विचारलं, "किती निगालं?"

"मोजता नाही आलं. तिनं प्यायलं."

आईनं डबा उगाच दुसऱ्या मांडीवर घेतला. पदरानं नाक पुसलं. "पान्हा आला व्हय मोटारीबिगर?"

"आला."

"बरं," ती उठत म्हणाली. "पर मोटार धुऊन ठीव. चार घोटानं पोरीचं पोट भरत न्हाई अजून."