दोनशे तेरावी ओळ

आधीच कबूल करते, वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आलेय. वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद खोलीतून येणारा बांगड्यांचा आवाज... असले किस्से मी ऑफिसात डबा खाताना मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही सगळे खिदळतो. आमचं घर कोकणातलं, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे नारळ फुटत नाही. पण मी लहानपणापासून आगाऊ. आई म्हणते, "हिच्यासमोर साक्षात देव उभा राहिला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल."

तर अशी मी, आणि आज मीच लिहायला बसलेय. घाबरण्यासारखं यात काही नाही, उलट आठवलं की मला अजून हसू येतं. फक्त ते घडलं कसं, हे मात्र विचारू नका.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बारा वर्षं आहे. काम डेटाबेसचं, म्हणजे लाखो नोंदी नीट ठेवायच्या आणि हव्या तेव्हा बदलायच्या. राहायला डोंबिवली पूर्वेला. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर परांजपे काका राहतात. गणिताचे निवृत्त शिक्षक आणि एका रक्तदाता मंडळाचे सर्वेसर्वा. मंडळाचं ऑफिस म्हणजे काकांच्या हॉलमधलं एक कपाट, एक कॉम्प्युटर आणि रविवारची मी.

काकांची एक पद्धत आहे. दरवर्षी शिबिराच्या आधी ते यादीतल्या प्रत्येक दात्याला स्वतः फोन करतात. मेसेज नाही, फोनच. "नंबर हाच ना? तब्येत बरी ना?" — दोनच प्रश्न. ज्याचा नंबर किंवा पत्ता बदलला असेल त्याची नोंद आधी वहीत पेन्सिलीने, मग एक्सेलमध्ये. ती फाइल माझ्याकडे येते, मी डेटाबेस अपडेट करते, आणि काका त्याचा प्रिंट काढून एकेका ओळीवर बरोबरची खूण करतात. कॉम्प्युटरवर विश्वास नाही असं नाही म्हणे, पण पेपर तपासल्याशिवाय निकाल लावायची सवय नाही.

त्या रविवारी बदललेल्या नोंदी होत्या दोनशे बारा.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. दोनशे बारा नोंदी बदलायच्या तर एकेक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, दोनशे बारा वेळा पाठवता येते. म्हणजे वाण्याकडे एकेक जिन्नस आणायला दोनशे बारा खेपा घालायच्या. त्यापेक्षा सगळी यादी एका तात्पुरत्या टेबलात भरायची आणि एकाच क्वेरीने सांगायचं, बाबा रे, ज्यांचा दाता क्रमांक या यादीत आहे, फक्त त्यांचे नंबर बदल. शेवटी डेटाबेस सांगतो, इतक्या ओळी बदलल्या. माझा प्रोग्रॅम तो आकडा यादीशी ताडून बघतो. जुळला तर बदल कायम, नाही जुळला तर रोलबॅक, म्हणजे सगळं होतं तसं मागे. या बाबतीत मी इतकी कडक आहे की ऑफिसात मला हेडमास्तरीण म्हणतात.

सकाळी साडेदहाला मी प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं — बदललेल्या ओळी २१३. रोलबॅक.

"काका, तुम्ही मला दोनशे बाराच दिलेत ना?"

"दोनशे बाराच. तीनदा मोजलेत. मेघना, मी गणित शिकवत होतो, चित्रकला नाही."

यादी तपासली. दोनशे बारा. एखादा दाता क्रमांक दोनदा आलाय का ते पाहिलं. नाही. पुन्हा चालवला. २१३. पुन्हा रोलबॅक. तिसऱ्यांदा मी बदल कायम होण्याआधीच थांबवला आणि ती आगंतुक ओळ शोधून काढली.

जनार्दन म्हात्रे. पत्ता मानपाड्याजवळच्या गावातला. रक्तगट — बॉम्बे.

काकांनी चष्मा काढला. हा गट माहीत नसेल तर सांगते. वरवर तपासलं तर तो ओ गटासारखा दिसतो, पण या लोकांना ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्यांना त्यांच्याच गटाचं रक्त लागतं आणि तशी माणसं फारच थोडी. आमच्या आख्ख्या यादीत हे एकटे म्हात्रे. आणि दोन वर्षं त्यांचा फोन लागत नव्हता. काका दोनदा त्यांच्या गावात जाऊन आलेले, पण घर पाडून तिथे टॉवर उभा राहत होता आणि नव्या वॉचमनला जुनी माणसं कुठे गेली ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे काकांच्या दोनशे बारांत म्हात्रे असायचं कारणच नव्हतं.

तरी त्यांच्या नावापुढचा जुना नंबर जाऊन तिथे नवा दहा आकडी नंबर बसला होता. तो नंबर ना वहीत, ना एक्सेलमध्ये. रोलबॅक केलं की जुना नंबर परत यायचा, चालवलं की पुन्हा तोच नवा. तोच! एक आकडा इकडचा तिकडे नाही.

काकांनी तो नंबर स्पीकरवर लावला. पलीकडून ती नेहमीची बाई म्हणाली, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

"झालं," काका म्हणाले. "जुनाही मेलेला, नवाही मेलेला. त्या एकापायी दोनशे बारा माणसं अडवून ठेवणार आहेस का? शिबिराच्या तारखेचे मेसेज आज जायलाच हवेत."

"काका, आकडा जुळत नाही तोवर मी बदल कायम करत नाही."

"तुझ्याइतका हट्टी विद्यार्थी मला नोकरीत असताना भेटला नाही हे नशीब. कर कायम. काय बिघडलंय ते पुढच्या रविवारी शोध."

बारा वर्षांत पहिल्यांदा मी न जुळणारा आकडा कायम केला. मला खरंच स्वतःची लाज वाटली. काकांनी प्रिंट काढला, त्यावर कोपऱ्यात वेळ छापून आली ११:१०. त्यांनी दोनशे बारा खुणा केल्या आणि म्हात्र्यांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

एकच्या सुमारास काकूंनी मला जेवायला वाढलं आणि पहिला घास घेते तोच काकांचा फोन वाजला. कल्याणजवळच्या मोहन्याच्या मंदाताई म्हणून कुणी होत्या. आवाज इतका थरथरत होता की काकांना शब्द लागेनात; त्यांनी फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला.

"ताई, माझी सून पूनम... पुढच्या आठवड्यातली तारीख होती हो. रक्ताची सोय पण पुढच्या आठवड्याचीच केलेली. आज सकाळपासून कळा चालू झाल्यात. वार खाली आहे, सिझर करावं लागेल, रक्त जाईल म्हणतात. एक तरी बाटली हाताशी असल्याशिवाय कसं करायचं म्हणून डॉक्टर पण काळजीत. मुलगा मुंबईला धावलाय शोधायला. तिचा तो बॉम्बे ग्रुप आहे... कोणी आहे का हो तुमच्याकडे? कोणीही?"

काका ताटावरून उठले आणि प्रिंटचे कागद घेऊन आले.

"काका, तो नंबर अस्तित्वात नाहीये. आपणच ऐकलं ना दोन तासांपूर्वी!"

"ऐकलं. दुसरा कुठला आहे का तुझ्याकडे?"

काकांनी नंबर फिरवला. एक क्षण शांतता... आणि रिंग वाजली. खरीखुरी रिंग! काकूंनी देवघराकडे बघून हात जोडले. चौथ्या रिंगला फोन उचलला गेला आणि पलीकडून माणूस वसकन ओरडला.

"कोन बोलतंय? यो नंबर कोनी दिला तुमाला? जमीन इकायची नाय मना, शंबर येला सांगलंय!"

"म्हात्रे, मी परांजपे. रक्तदान मंडळ, डोंबिवली."

"...परांजपे सर? अरे द्यावा! सर, तुमी? पन यो नंबर तर मी बायकोला पन दिला नाय अजून!"

काकांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. म्हात्र्यांनी एकच विचारलं, "कवा आनि कुटं?" काकांनी कल्याणच्या रक्तपेढीचं नाव सांगितलं. "आयलोच," म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्ही रिक्षा करून पोचलो तर साहेब आमच्या आधी तिथे हजर. धिप्पाड माणूस, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आणि पांढऱ्या शर्टावर माशाच्या कालवणाचा ताजा डाग. भरल्या ताटावरून उठून बुलेटवर टांग मारून आलेले. आवश्यक तपासण्या झाल्या आणि त्यांना खुर्चीवर आडवं केलं. हातात सुई असतानाच त्यांनी मला सगळी हकिगत सांगितली.

जमीन थोडी विकली, थोडी शिल्लक आहे, आणि त्या शिलकीपायी दलालांनी त्यांना वेड लावलेलं. सकाळी सहापासून फोन. म्हणून दर काही महिन्यांनी म्हात्रे सिमकार्ड बदलतात. त्या सकाळी पूजेला बसलेले असताना तीन दलालांचे फोन आले, तसे ते उठले आणि मानपाडा नाक्यावरच्या दुकानात गेले.

"किती वाजता?" मी विचारलं.

"बारा वाजलं असतील. दुकानवाल्याने आट-धा नंबर दाकवले, मना येक पन पसंत नाय. मंग शेवटी यो दाकवला. माज्या बुलेटचा नंबर हाय ना, तेच चार आकडे शेवटी. म्हनलं, योच! पाऊन वाजता चालू जाला. पैला फोन तुमचाच."

खिशातली पावती त्यांनी काढून दाखवली — बारा वाजून सहा मिनिटं. आणि काकांच्या हातातल्या प्रिंटवर तोच नंबर होता, ११:१० चा. म्हणजे म्हात्र्यांनी तो नंबर पसंत करायच्या तासभर आधी तो आमच्याकडे नोंदलेला होता. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोनदा वाचला आणि मान डोलावली.

"तुमचा कंपुटर लय हुशार हाय, ताई."

"कंपुटर नाही हो इतका हुशार," मी म्हटलं. "आणि मी तर त्याहून नाही."

रक्ताच्या तपासण्या होऊन पिशवी आणि तिच्यामागोमाग आम्ही तिघं हॉस्पिटलात पोचेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. आम्हाला घरी जायला हरकत नव्हती, पण तिघांपैकी कुणाचाच पाय निघेना. मंदाताई बाकावर बसून पदराचं टोक पिळत होत्या. काका, जन्मभर नास्तिक, त्यांच्याशेजारी बसून सतरा ते एकोणीसचे पाढे पुटपुटत होते. मला ते ऐकून हसूही येत होतं आणि रडूही.

सहाच्या आत नर्स बाहेर आली. मुलगी. दोघी सुखरूप. पिशवी लागलीच होती, आणि वेळेवर लागली होती.

मग काय विचारता! मंदाताईंनी आधी मला मिठी मारली, मग काकांना, मग संकोच बाजूला ठेवून म्हात्र्यांना. म्हात्रे खाली जाऊन पाच किलो जिलेबी घेऊन आले आणि वॉर्डबॉयपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटत सुटले. "तोंड गोड करा, पोरगी जाली!" लोक त्यांनाच बाप समजून अभिनंदन करत होते आणि तेही बिनदिक्कत घेत होते. मुंबईहून धावत आलेल्या खऱ्या बापालासुद्धा त्यांनीच जिलेबी भरवली. इतका आनंद मी माझ्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढचे कित्येक दिवस मी तो प्रोग्रॅम उलटसुलट केला. डेटाबेसच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, बदल दिसतो, पण तो एक नंबर आला कुठून ते दिसत नाही. आपोआप बदल करणारी कुठली लपलेली सूचना नाही. बाहेरून कुणी शिरल्याची खूण नाही. ऑफिसातल्या सीनियरला दाखवलं, तो आधी हसला, मग त्याने त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या आणि आता विषय काढला की चहा प्यायला निघून जातो. योगायोग म्हणाल, तर दहा आकडे योगायोगाने जुळतात का ते काकांना विचारा. त्यांनी गणित मांडून पाहिलंय आणि कागद फाडून टाकलाय.

बारशाला आम्ही सगळे मोहन्याला गेलो होतो. मुलगी म्हात्र्यांच्या मांडीवर झोपलेली. दीड तासात त्यांचा फोन सहा वेळा वाजला. प्रत्येक वेळी त्यांनी उचलला, हळू आवाजात "नाय इकायची" म्हणाले आणि ठेवला. मला राहवलं नाही.

"दादा, अजून दलाल छळतात? मग नंबर का नाही बदलत?"

त्यांनी पूनमकडे पाहिलं. ती पाळण्याची दोरी धरून हसत होती.

"आता नाय बदलनार. धा येला दलाल असंल, आक्राव्या येला हिचा फोन असंल तर?"

तो नंबर आमच्या डेटाबेसमध्ये तसाच आहे. तिथे तो कुणी लिहिला, हे मला आजही माहीत नाही.