सयाजी पैलवानाची पाठ

सयाजी पैलवान कधी उताणा झोपत नसे. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात तो गोठ्याबाहेर घोंगडं टाकून पडे, पण कुशीवर. पाठ जमिनीला लागली की पैलवान संपला, हे तालमीत त्याच्या डोक्यात शिरलं होतं, ते कुस्ती सुटल्यावरही निघालं नाही. संस्थान विलीन झालं, दरबारचा खुराक बंद झाला, तेव्हा त्यानं म्हशी घेतल्या आणि कट्ट्यावर दूध विकायला लागला. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, असा धंदा. माणूस मनानं गरीब, पण बोलणं असं की शेजारच्या पेठेत ऐकू जावं.

बऱ्याच नवसांनंतर, पस्तिशी उलटल्यावर, त्याला मुलगा झाला. पोरगं लाल मातीसाठीच आलंय, असं त्यानं पेढे वाटताना प्रत्येकाला सांगितलं. पोरगं मात्र वेगळ्याच तयारीनं आलं होतं. पिताना नाकातून घुर्र घुर्र वाजे आणि पिऊन झालं की त्यातलं बरंचसं आईच्या पदरावर काढून टाकी.

दुसऱ्या कुणी थोडं कमी पाजून पाहिलं असतं. तालमीचा कायदा वेगळा. तिथं खुराक उलटला तर वस्ताद पुन्हा पेला भरून समोर ठेवतो. सयाजीनं तोच कायदा घरात लावला. पोरानं दूध काढलं की तो बायकोला, हौसाला, परत पाजायला बसवी. पोर पुन्हा पिई, पुन्हा काढी. हौसा थकून भिंतीला टेके, आणि तिला दूध यावं म्हणून हा गडी म्हशीच्या दुधाचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभा. पोट भरल्यावर वर येतंय ते येऊ द्या, असं तिनं सांगून पाहिलं. पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दुधापेक्षा सयाजीला त्या आवाजाची धास्ती जास्त होती. कुस्तीत तो समोरच्याच्या श्वासाकडं कान लावून असे. श्वास वाजायला लागला की गड्याचा दम सुटला, आता तो फार वेळ टिकत नाही, हे त्याला डोळे मिटूनही कळे. तोच कान आता पाळण्याला लागला होता. घुरघुर ऐकली की तो हातातलं काम टाकून पाळण्याशी येई. हे पोर जगत नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं आणि ते कुणाला बोलून दाखवायची त्याची छाती होत नव्हती.

त्याच्या आईनं, चिमणाबाईनं, परस्पर निदान करून टाकलं. पोराला डबा झालाय. तान्ह्या पोराची छाती वाजली की त्याला डबा म्हणायचं आणि तापवलेल्या बिब्ब्याचा चटका पोटावर द्यायचा, असा आमच्याकडं रिवाजच होता. सयाजीच्या स्वतःच्या पोटावर तसे डाग होते, आणि तो लंगोट लावून उतरला की सगळं मैदान ते बघे. त्यामुळं नको म्हणायला त्याला तोंड नव्हतं. हौसा रडून नको म्हणत होती, पण सासूपुढं तिचं कोण ऐकतंय.

मंगळवारी सकाळी चिमणाबाईनं शेगडी पेटवली आणि बिब्ब्यात दाभण खुपसला. पोर नुकतंच पिऊन पाटावर पडलं होतं आणि नेहमीसारखं वाजत होतं.

“सया, धर त्येला उताणा,” ती म्हणाली. “खांदं दाबून धर. हलू देऊ नगंस.”

सयाजी गुडघ्यावर बसला. जन्मभर केलेलंच काम होतं. त्यानं पोराच्या खांद्यांवर एकेक बोट ठेवलं. पोरानं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. सयाजीनं बोटं काढून घेतली.

“आई, मोप माणसं पाडली म्या,” तो म्हणाला. “ह्येला न्हाय पाडायचा.”

पोराला खांद्यावर उभं धरून तो दारात जाऊन उभा राहिला. चिमणाबाईनं त्याचा यथासांग उद्धार केला. पाठीवरून तो राकट हात फिरता फिरता पोरानं एक दणदणीत ढेकर दिला. चूळभर दूध सदऱ्यावर आलं, बाकीचं पोटात राहिलं. घुरघुरही थोडी कमी झाली. ते बघून हौसाला धीर आला आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, असं तिनं सासूच्या देखत सांगितलं.

डॉक्टरांनी नळी लावून पाहिली, लंगोटी किती वेळा ओली होते ते विचारलं. छाती साफ आहे, नाक लहान आहे म्हणून वाजतंय, म्हणाले. थोडं थोडं पाजा, काढलं म्हणून लगेच पुन्हा पाजू नका, पाजल्यावर असंच उभं धरा. ओठ निळे पडले, बरगड्या आत ओढल्या गेल्या किंवा प्यायचं बंद झालं तर मात्र धावत या. सयाजीनं एवढंच विचारलं, की ह्याचा दम तर सुटलेला नाही ना. नाही, म्हणाले डॉक्टर. त्यावर पैलवान तिथंच बाकावर बसून रडला, आणि तेही त्याच्या नेहमीच्याच आवाजात.

चिमणाबाईला यातलं काही पटलं नाही. वेळ येईल म्हणून तिनं बिब्बा फडताळात जपून ठेवला. पोर वाजत राहिलं, पण अंग धरू लागलं. त्याला आता बापाच्या अंगावरच झोप लागे. खाली ठेवलं की रडे.

एका दुपारी सयाजीचे जुने वस्ताद दूध प्यायला कट्ट्यावर आले. सयाजी भर रस्त्याकडेला घोंगड्यावर पडला होता. दोन्ही खांदे जमिनीला लागलेले, आणि छातीवर पोर, तोंड उघडं टाकून घुरघुरत झोपलेलं.

वस्ताद कमरेवर हात ठेवून बघत राहिले. “सया, पाठ लागली की रं,” ते म्हणाले.

“लागली,” सयाजी म्हणाला. “हळू बोला वस्ताद. आत्ताच निजलाय.”

त्याचा एवढा हळू आवाज गल्लीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वस्तादांनी मग स्वतःच पेला घेतला आणि धार काढायला म्हशीखाली बसले.