दादाच्या अंगणाचा ढाळ

अंगणांत फरसबंदी करणाऱ्या त्या माणसाला सगळे ढाळमास्तर म्हणत, आणि ते काही उगाच नाही. बशीत चहा ओतला तरी तो कुठल्या अंगाला कलतो ते आधी बघणार, मग फुंकर. बायको सांगायची, "पहिल्यांदा घरी आले तेव्हा यांनी माझ्याकडे कमी आणि आमच्या मोरीकडे जास्त बघितलं."

तिथल्या नगरपालिकेचा नियम सरळ होता. तुमच्या अंगणात पडलेलं पाणी तुमच्याच मातीत जिरवायचं, रस्त्यावर सोडायचं नाही. फटी ठेवून ठोकळे बसवा, नाहीतर गेटाशी जाळीची चर काढून शोषखड्ड्याला जोडा. चुकलं तर परवाना जाणार कारागिराचा. मालकाने हट्ट धरल्याचं लेखी असेल तर भुर्दंड मालकाला. म्हणून मास्तर आधी बादलीभर पाणी ओतून जमीन कुठे वाहते ते दाखवायचा, मालक काय मागतोय ते वहीत लिहायचा आणि खाली सही घ्यायचा. एकतीस वर्षांत वही चुकली नव्हती.

मग थोरल्या भावाने गाडी घेतली.

गेटापासून पायरीपर्यंत त्याला गुळगुळीत काँक्रीट हवं होतं, आरशासारखं.

"दादा, निदान गेटाशी चर घेऊ."

"चाकाखाली रोज खडखड? नको."

"मग कडेला शोषखड्डा."

"माझ्या गुलाबांच्या मुळावर?" वहिनी खिडकीतून कडाडली. "भावजी, दुसरीकडे उकरा काय ते!"

आता उरला रस्ता. मास्तरने वही काढली, तशी दादाची मान ताठ झाली. "सख्ख्या भावाकडून सही घेतोस? तुला परवाना मिळाला तो कुणाच्या शब्दावर, विसरलास वाटतं."

दादाने कधीकाळी एक शब्द टाकला होता, आणि तेव्हापासून तो उगाळून उगाळून त्याचं गंध केलं होतं. मास्तरने वही मिटली. ढाळ रस्त्याकडे काढला. काम मात्र असं देखणं झालं की दादा आठ दिवस आल्यागेल्याला गेटापासूनच फिरवून आणत होता.

रस्त्यापलीकडे दोन पायऱ्या खाली एका शिंपीणबाईंचं दुकान होतं. पहिल्याच जोराच्या पावसात दादाच्या अंगणातलं पाणी सरळ त्यांच्या उंबऱ्यातून आत शिरलं. गिऱ्हाइकांचं बेतलेलं कापड चिखलात लोळलं. बाईंनी तक्रार केली. का करू नये?

नगरपालिकेचा साहेब आला, पाणसळ लावून ढाळ कुठे जातो ते बघितलं, आणि मास्तरकडे वळला. "वही?"

मास्तरने वही पुढे केली. दादाचं पान कोरं होतं.

"हे बघा, मालकाने आत्ता माझ्यासमोर सांगितलं की ढाळ त्यांनीच मागितला, तरी चालेल. दंड भरतील, तुमचा परवाना राहील."

मास्तरने भावाकडे पाहिलं. "दादा, सांग ना."

दादा फडक्याने गाडीची काच पुसत होता. काच आधीच लख्ख होती. "मला ढाळबिळ काय कळतंय साहेब? मी आयुष्यभर खुर्चीत बसलेला माणूस. कारागीर हा. मी आपला विश्वासाने काम सोपवून मोकळा झालो."

परवान्याचा एकतीस वर्षांचा कागद साहेबाने जागच्या जागी जमा करून घेतला. त्याला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्याचा रकाना त्याच्या अर्जात नव्हता.

दुपारभर मास्तर शिंपीणबाईंच्या दुकानातला चिखल उपसत राहिला.  बाईंनी दुसरं खोरं आणून त्याच्या हाताशी भिंतीला टेकवून ठेवलं.

आठवड्याने दादा स्वतः आला, हसत. "अरे, पालिकेने गेटाशी चर काढायला सांगितलीय. बाहेरचे लुबाडतात. तू उरकून टाक. घरच्या घरी आहे, कागद कोण विचारतोय?"

मास्तर दारातच उभा होता. आत ये म्हणाला नाही.

"परवाना असलेला माणूस बघा," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने दादाला 'अहो-जाहो' केलं, आणि दार लावून घेतलं.

वहिनी अजून चार घरी सांगत असते, धाकट्याला फार मिजास चढलीय म्हणून.