सगळी औषधं लागू

शकुताई बशीतल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं, हे आधी बघायचीच नाही. तारेची लूप बशीत वाढलेल्या जंतूंच्या एखाद्या ठिपक्याला टेकवायची आणि हळूच वर उचलायची. बहुतेक ठिपके लगेच सुटायचे. क्वचित एखाद्याचा डिंकासारखा धागा बोटाच्या पेराएवढा वर यायचा. मग ती मान न वळवता म्हणायची, "इकडं ये व माय. हा घर पाडणारा आहे."

गुजरातेत उधन्याच्या त्या खाजगी लॅबमध्ये मी तिच्या हाताखाली होते. ती अमळनेरकडची, चिडली की गुजरातीत बोलायची. नव्या पोरींना सांगायची, "औषधाला ऐकतो म्हणून गरीब समजू नका. औषध पचवायची जनुकं वेगळी, माणूस खायची वेगळी. आपला रिपोर्ट फक्त पहिली सांगतो."

एका शनिवारी कतारगामच्या एका हिरेकामगाराच्या यकृतातल्या पुवाची बशी तयार झाली. धागा लांबच लांब आला. शकुताई म्हणाली, "आत्ता डॉक्टरांना फोन कर. म्हणावं, डोळे तपासा. हा यकृतातून डोळ्यात जातो."

मी दोनदा लावला, लाइन व्यस्त. बशीत प्रत्येक औषधाच्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल उमटले होते. सगळी औषधं लागू. इतका सरळ रिपोर्ट, सोमवारी जाईलच, असं वाटलं.

निघताना तिने विचारलं, "केला का फोन?"

"केला."

सोमवारपर्यंत त्या माणसाचा उजवा डोळा गेला होता. डॉक्टरांचा संतापून फोन आला. शकुताई शांतपणे म्हणाली, "साहेब, आमच्या बाईने शनिवारीच कळवलंय. तुमच्याकडे कोणी उचलला ते बघा." तिकडच्या एका सिस्टरला त्यावरून बोलणी बसली, हे नंतर कळलं. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

वेळेवर फोन गेला असता तर डोळा वाचला असता का, सांगता येत नाही. या वाक्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं काढली. हिरा बघताना तो कोणत्या डोळ्याला भिंग लावायचा, हे मी कधी विचारलं नाही.

शकुताईने मला कधी टोमणा मारला नाही. डब्यातली भाजी आधी माझ्या ताटात वाढायची. पण धागा आला की, फोन माझ्या हाताशी असला तरी, टेबलाला वळसा घालून यायची आणि स्वतः लावायची. "केला का," असं तिने मला पुन्हा विचारलं नाही.

गेल्या महिन्यात ती गेली. सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. त्या शनिवारनंतर अकरा वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवलो.