थाळी फेकायची नाय

पोलादपूरच्या आमच्या शाळेत शिक्षक मोजके, पण स्टाफरूममध्ये किस्से इतके साठतात की गणिताचा मास्तर असून मी मोजणं सोडलंय. यंदाचे सगळे एकाच शब्दाचे. डिस्क.

सुरुवात इंग्रजीच्या साळवी सरांनी केली. डबा खाताना म्हणाले, "डिस्क, डिश आणि डेस्क मुळात एकच. ग्रीक लोक जी चकती फेकायचे, तिच्यावरून सगळे आले."

हेडसरांनी भाकरी खाली ठेवली. "मग आपले डेस्क चौकोनी का?"



*

पुढे कशेडी घाटात बाइकवर हेडसरांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, स्लिप डिस्क. आम्ही भेटायला गेलो, तर साळवी सरांनी तिथेही ग्रीक काढले.

हेडसर उताणे पडल्या पडल्या म्हणाले, "ते फेकायचे ना? मग माझ्या मणक्यात कोणी ठेवली?"

आम्ही हसलो नाही. प्रश्न रास्त होता.

*

नववीतली अस्मिता थाळीफेकीत, म्हणजे पुन्हा डिस्कच, तालुक्यात पहिली आली, पण आई तिला जिल्ह्याला पाठवेना. आम्ही वाडीवर गेलो. अंगणात जुन्या टीव्हीच्या डिशमध्ये आमसुलं वाळत होती.

"थाळी फेकायची नाय," आई म्हणाली. "अन्न रुसतं."

"अहो, ही जेवायची नव्हे, खेळायची," मी समजावत होतो. आई जरा नरमली. तेवढ्यात साळवी सर उत्साहाने म्हणाले, "मुळात दोन्ही एकच हो!"

"ऐकलंत?" आई म्हणाली. दारातल्या अस्मिताचे डोळे भरले. मला साळवी सरांचा भयंकर राग आला.

*

दोन दिवसांनी आई स्वतःच शाळेत आली. "थाळी फेकली नाय तरी अन्न रुसलंच. पोर जेवत नाय. न्या तिला. पण मी संगट येनार."

*

जिल्ह्याच्या मैदानावर अस्मिताची शेवटची फेक. थाळी पडली मात्र, आई दोरीखालून धावली. उचलली, पदराने पुसली, कपाळाला लावली. पंच टेप घेऊन पोचले तर थाळी नेमकी कुठे पडली याची खूणच नाही.

त्यांनी कपाळाला हात लावला. बराच वेळ आपसात बोलून म्हणाले, "पुन्हा फेकू दे. पण या बाईंना आवरा."

एक हात मी धरला, दुसरा कमरेला पट्टा बांधलेल्या हेडसरांनी. अस्मिता गरकन फिरली. थाळी सुटली आणि पार लांब जाऊन पडली. पांढरा झेंडा वर, फेक वैध. टेप लागली, आकडा पुकारला. अस्मिता पहिली. साळवी सर चक्क रडत होते.

आईची नजर थाळीवरून हलली नव्हती.

"सर," ती हळूच म्हणाली, "आता उचलू?"