मणक्यांमधली फट

धुळ्याच्या त्या भूलतज्ज्ञांना मी अजून माफ केलेलं नाही. पोटाच्या ऑपरेशनआधी, नंतरच्या वेदना थांबवणारी बारीक नळी पाठीत बसवायची म्हणून त्यांनी बोटांनी मणके चाचपले आणि सहा वेळा सुई टोचली. नळी बसलीच नाही. वर मलाच म्हणाले, "तुमची पाठ वाकडी आहे." मी तिथेच भांडलो. पुढे चार दिवस दुखण्यामुळे खोकता आलं नाही, कफ साठला आणि न्यूमोनिया झाला.

यंदा जळगावला फुप्फुसातली गाठ काढायची ठरली. या वेळी कापणार थेट बरगड्यांमध्ये. खोकून कफ काढता आला नाही तर पुन्हा तेच. म्हणजे सगळं त्या नळीवर.

टेबलावर उशी कवटाळून बसलो. मागे भूलतज्ज्ञ बाई. मी कापसाचा व्यापारी, अट घातल्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही. "मॅडम, सुई एकदाच. दुसरी टोचलीत तर मी उठून जाणार."

"भाऊ, सौदा मागाहून करू. आधी पाठ वाकवा."

त्यांनी खांद्यांच्या मधोमध थंडगार जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "इथले मणके कौलांसारखे एकावर एक उतरलेले असतात, फट अरुंद. तुमचे तर डावीकडे वळलेतही. ओझं वाहायचात का?"

वाहायचो. व्यापारात पडण्याआधी धरणगावच्या जिनिंग कारखान्यात दहा वर्षं सरकीची पोती. बाकीचे हमाल खांदा बदलायला थांबायचे, मी कायम डावाच वापरायचो. दिवसाला दोन खेपा जास्त व्हायच्या. त्या चलाखीची मला घमेंड होती.

बाईंनी पेनने खूण केली, फट किती आत आहे ते मोजलं. सुई गेली, अडली, जरा मागे घेऊन त्यांनी तिरकी केली. मी तोंड उघडलं.

"तीच सुई आहे, भाऊ."

उशी घट्ट धरली. नळी बसली.

ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी बायकोला हे सांगितलं. ती हसली. "तुमनी पाठबी तुमनासारखीच वाकडी शे. धुयाना डॉक्टर खरं बोलना व्हता."

बोलले होते खरं. पण वाकडी आहे हे कळल्यावर यंत्र का नाही मागवलं, हे भेटले तर विचारणार आहेच.

तेवढ्यात नर्स आली. "आबा, खोका."

छातीशी उशी दाबून खोकलो. टाके ओढले गेले, पण श्वास अडला नाही. कफ सुटून वर आला.

"अजून एकदा," ती म्हणाली.