धुऱ्यावरची चाल

आमच्याकडे धानाच्या दोन बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मधली वाट म्हणजे धुरा. हातभर रुंद, दोन्ही अंगाला पाणी नाहीतर चिखल. त्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालूच शकत नाहीत. पुढे पुरुष, मागे डोक्यावर टोपलं घेतलेली बाई. मागे वळून पाहायचं नाही, पाहिलं की पाय घसरलाच समजा. मागची येऊन राहिली की नाही, ते बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायचं. लग्न झालं तेव्हापासून मी असाच चालत आलो. धुऱ्यावर तर चाललोच, पण डांबरी सडकेवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या व्हरांड्यातही तसाच. मी पुढे, ती मागे. त्यात काही चुकतं असं मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या बर्डीवर, भर बाजारात, ते मला कळलं. ते कसं कळलं, ते लिहितो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण नागपूर आपल्याला पाठ आहे, असं मी गावात सांगत आलो. कोणाच्या घरी लग्न निघालं की गांधीबागेत कापड घ्यायला मी पुढे. व्यापारी मला ओळखतो, गादीवर बसवतो, चहा सांगतो. बसस्टँडवरून गांधीबाग आणि गांधीबागेतून परत बसस्टँड, खरं म्हणाल तर एवढंच माझं नागपूर. पण पारावर बसून सांगताना ते वाढत वाढत जायचं. किल्ला मी पाहिलेला, महाराजबाग मी पाहिलेली, झिरो माईलचा खांब तर मी किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही. यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं.

नातीच्या पुस्तकात त्या खांबाचं चित्र आलं. नागपूर देशाच्या मधोमध आहे, असं तिनं आजीला वाचून दाखवलं. बायको पोळी लाटत होती. ती लाटणं थांबवून म्हणाली, "मधात म्हंजे कसं जी? पोळीच्या मधात बोट ठेवावं तसं?"

"तसंच," मी म्हणालो. "खांब आहे तिथं. म्या पाह्यला."

"मंग मले दाखवा न एकदा."

एवढंच म्हणाली. आमच्या संसारात तिनं काही पाहायचं आहे असं कधी म्हटलं नव्हतं. नागपूरला ती गेली ती दवाखान्यासाठी आणि लग्नाच्या कापडासाठी, आणि दोन्ही वेळा माझ्या पाठीमागून. मी ऐटीत म्हणालो, "धान चुरून झालं की जाऊ. सगळं नागपूर दाखवतो तुले."

मुलगा म्हणाला, मी येतो. मी नको म्हटलं. सून म्हणाली, "आईजवळ माह्या फोन देते." मी तेही नको म्हटलं. "मी आहे न संगं, फोन कायले पाह्यजे?" ऑटो करा म्हणाली, तर मी म्हटलं, पायी फिरल्याशिवाय शहर दिसते का. ऑटोवाला कुठं जायचं ते विचारतो आणि मग आपल्याला रस्ता ठाऊक नाही हे उघडं पडतं, ही खरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

सकाळच्या बसनं आम्ही गणेशपेठेच्या बसस्टँडवर उतरलो. जवळच्या तलावाच्या काठी बसून तिनं बांधून आणलेल्या पोळ्या आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. मग गांधीबागेत गेलो. तिथं सगळं माझ्या मनासारखं झालं. व्यापाऱ्यानं दुरूनच हात जोडले, "आइए काकाजी, बहुत दिन बाद." बायकोनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मी फुगलो. त्या फुगण्यातच पुढे निघालो आणि पुढचा रस्ता मला ठाऊक नव्हता.

दोन गल्ल्या झाल्या, तीन झाल्या. ती मागून म्हणाली, "अवो, हे भांड्याचं दुकान मघाही लागलं होतं."

"इथं तसलीच दुकानं असते."

"बाहेर तोच बुढा बसून आहे जी. पितळीची घागर पुसून राह्यला."

"मंग बसू दे न त्याले!"

थोड्या वेळानं ती म्हणाली, "कोनाले विचाराचं का?"

"विचाराचं काय त्यात? मी काय पयल्यांदा आलो का?"

एका जुन्या दगडी इमारतीजवळ ती थांबली आणि हे काय आहे म्हणाली. मी म्हटलं, किल्ला. तिनं हात जोडले. इतकी जुनी जागा म्हटल्यावर हात जोडावे असं तिला वाटलं असेल. ती इमारत कशाची होती, मला आजही माहीत नाही.

शेवटी माणसं जिकडे जाऊन राहिली तिकडे जात जात आम्ही रेल्वेच्या लोहापुलाखालून बर्डीवर निघालो. दुपार कलली होती. बर्डीवर गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. दोन्ही बाजूंना स्वेटरवाले, चपलांचे ढीग, पिना विकणाऱ्या बाया, "पचास में दो, पचास में दो" असा ओरडा. गर्दीतून अशी वाट काढायची म्हणजे मला धुराच वाटला. मी पुढे चालत राहिलो, आणि मागच्या बांगड्या ऐकत ऐकत बोलत राहिलो. वर मेट्रो दिसली तर म्हटलं, "हे पाह्य, मेट्रो. हे पार खापरी गावापर्यंत जाते. आता आपन झिरो माईलले जाऊ, मंग महाराजबागेत जाऊ." मागून होकाराचं 'हाव' येत नव्हतं. पण बांगड्या वाजत होत्या, म्हणून मी बोलतच राहिलो.

चौकात येऊन मी वळलो. मागे एक अनोळखी बाई होती, कडेवर लेकरू, हातात हिरव्या बांगड्या. ती म्हणाली, "काकाजी, कवापासून मलेच सांगून राह्यले का जी तुमी? मी म्हनलं फोनवर बोलून राह्यले."

आणि हसली. बाईचा काही दोष नव्हता.

मग मी परत फिरलो. बर्डीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. कोणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पिना विकणाऱ्या बायांपैकी एखादीनं तरी सांगितलं असतं. पण माझी बायको हरवली हे तोंडातून निघेना. तिच्याजवळ फोन नाही, बसस्टँड कोणत्या दिशेला ते तिला माहीत नाही, आणि तिला घेऊन आलेला माणूस मी. थंडीच्या दिवसात माझी बनियन भिजली. तेव्हा कुठं मी चौकातल्या पोलिसाजवळ गेलो.

"काय झालं काकाजी?"

"मानूस चुकलं."

"कोन मानूस?"

"घरची."

"बरं. साडी कोन्त्या रंगाची आहे?"

सकाळपासून ती माझ्यासोबत होती. तलावाच्या काठी समोरासमोर बसून आम्ही जेवलो होतो.

"हिरवी," मी म्हणालो. "नाही, लाल असन."

"हिरवी का लाल?"

"लाल."

"आंगात स्वेटर आहे का शाल?"

मला आठवेना.

"उंच आहे का ठेंगनी?"

"मागं चालते ती," मी म्हणालो.

त्या पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुलापेक्षा लहान असेल वयानं. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो हसला नाही. माझा बैल एकदा दाव्यातून सुटून दुसऱ्या गावात गेला होता, तेव्हा मी त्याच्या कपाळावरचा ठिपका, शिंगाचा टवका, शेपटीचा गोंडा, सगळं न चुकता सांगितलं होतं. लोकांनी त्यावरूनच बैल ओळखून बांधून ठेवला होता. इथं माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं.

"कुठी चालले होते तुमी?" त्यानं विचारलं.

"झिरो माईल पाहाले."

"तेयले ठाऊक होतं का, तिथं जाचं आहे म्हनून?"

"हाव."

"मंग तिकडंच गेल्या असन. जाऊन पाहा न. नाही सापडल्या त परत या, मी सांगतो समोरच्या चौकातल्या पोलिसायले."

मी हललो नाही. तो म्हणाला, "काय झालं?"

"कोन्या बाजूनं म्हनले?"

"आता तुमीच दाखवाले नेऊन राह्यले होते न, काकाजी?"

बाजूला मोजे विकणारा एक जण खदकन हसला. पोलिसानं मला रस्ता दोनदा सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा, हातानं वळणं दाखवून. मी मान डोलावली आणि निघालो. वाटेत आणखी दोघांना विचारावं लागलं. दोघांनीही नीट सांगितलं.

खांब दिसला, त्याच्या बाजूचे पांढरे घोडे दिसले, पण त्याआधी आवाज आला. कॉलेजच्या तीन-चार पोरी उभ्या होत्या, त्यातली एक ओरडली, "आजी, पाहा पाहा, हेच का?"

दुसरी बोटावर मोजून म्हणाली, "पांढरी टोपी. स्वेटरची दुसरी बटन तुटली. डावा खांदा झुकवून चालते, उजव्या चपलीले पांढऱ्या दोऱ्याची शिवन. आजी, सगळं जमलं. हेच!"

त्या पोरींच्या मधून बायको पुढे आली. तिची साडी निळी होती, गडद निळी. अंगात सुनेचं स्वेटर.

"हाव बाई, हेच," ती म्हणाली.

"सापडले न मग तुम्ही, आजोबा! आजी किती घाबरल्या होत्या माहीत आहे का? म्हणत होत्या, आमचा माणूस चुकला, तेयले इथलं काही समजत नाही."

बायकोनं मान खाली घातली. म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. गांधीबागेतल्या दुसऱ्या फेरीपासून, की पारावरच्या माझ्या गोष्टी ओसरीत ऐकू यायच्या तेव्हापासून.

अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी ओरडलो. "एका जागी थांबाले काय झालं होतं तुले?"

"थांबलीच होती," ती म्हणाली. "लय वेळ थांबली. एका बाईचा धक्का लागून पिनाची टोपली सांडली, मी उचलू लागली. पाह्यलं त तुमी पुढं. आवाज देल्ला, अवो म्हनून. बर्डीवरचे किती मानसं वळले. तुमीच नाही वळले."

पोरी हसल्या. "मग आजींनी आम्हाला झिरो माईल विचारलं," एक म्हणाली, "आम्ही इकडंच येऊन राहिलो होतो."

"विचारलं की सांगते जी लोक," बायको म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला आजच समजलेली एक गोष्ट ती मला सांगत होती.

मग तिनंच मला तो खांब दाखवला. इंग्रजांनी देश मोजला तेव्हाचा हा दगड, यावर गावांची नावं आणि अंतरं कोरली आहेत, हे घोडे मागाहून बसवले, असं पोरींनी तिला सांगितलेलं एकेक ती सांगत होती, बोट दाखवून, न अडखळता. घोड्यांचा एक पाय वर काहून आहे, तेही तिनं पोरींना विचारून पाहिलं होतं. त्यांना ते सांगता आलं नव्हतं. मी मागे उभा राहून 'हाव' म्हणत होतो. पोरींनी आमचा दोघांचा फोटो काढला. तो कुठं गेला, माहीत नाही. आम्ही पत्ता काही दिला नाही.

महाराजबाग राहिली. बसस्टँडचा रस्ता तिनं विचारला, मी बाजूला उभा राहिलो. जाताना मी मुद्दाम तिच्या बरोबरीनं चालू पाहिलं. मी हळू झालो की ती त्याहून हळू व्हायची आणि एक पाऊल मागे राहायची. मी थांबलो तर तीही थांबायची. "चाल न," मी म्हटलं. "चला न," ती म्हणाली. असे आम्ही स्टँडपर्यंत आलो, आणि सगळ्या वाटेत मला तिला माफ कर म्हणायचं होतं, पण ते शब्द आमच्या घरात कोणी कोणाला म्हटलेले नव्हते. कसे म्हणतात ते मला येत नव्हतं.

घरी पोचलो तर ओसरीत शेजारच्या दोघी बसून होत्या. सून पाणी घेऊन आली. "काय काय पाह्यलं आई? सांगा न."

मी खाली पाहत चपला काढू लागलो. आता ती सांगेल आणि सकाळी गाव भरेल, असं वाटलं. सांगावं असंही वाटलं. निदान माझ्या मनावरचं ओझं तरी उतरलं असतं.

ती म्हणाली, "भल्लं मोठं नागपूर आहे बाप्पा. यायनं सगळं दाखवलं. एकेक समजावून सांगतलं."

शेजारीण म्हणाली, "भाऊजीले त काय, नागपूर तोंडपाठच आहे. पुढच्या खेपेले आमालेही न्या जी."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मी नाही दाखवलं. मी चुकलो होतो बर्डीवर. तिनं सापडवलं मले. खांबही तिनंच दाखवला."

सगळ्या हसल्या. सून पदर तोंडाला लावून हसली, नात हसली. शेजारीण म्हणाली, "पाहा वं, या वयात मस्करी सुचून राह्यली भाऊजीले."

बायको हसली नाही. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं, तेवढ्यापुरतंच. मग म्हणाली, "थकले ते. बोलू नका आता तेयले."

मी आणखी सांगणार होतो. साडीचं सांगणार होतो, पोलिसाचं सांगणार होतो. पण ती आत गेली, ताट घेतलं, पाट मांडला, आणि मी जाऊन त्याच्यावर बसलो.